आसनगावहून राजाबाई टॉवरपर्यंत

सकाळच्या कसारा लोकलमध्ये बायकांच्या डब्यात आसनगावला बसायला जागा मिळाली, तर तो दिवस सुखाचा, अशी आमच्याकडची समजूत आहे. त्या डब्यात कल्याण-ठाण्याच्या रुग्णालयांत जाणाऱ्या परिचारिका असतात, फोर्टातल्या कचेऱ्यांत जाणाऱ्या बायका असतात, हंगामात करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन निघालेल्या ठाकर-कातकरी बायका दाराशी टेकलेल्या असतात. हल्ली पाठीवर सॅक लावलेल्या मुलीही पुष्कळ दिसतात. त्यांतली एखादी एम.ए.च्या किंवा पीएच.डी.च्या कामासाठी मुंबईला ग्रंथालयात निघालेली असते. आसनगाव ते मुंबई हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर. जायला दोन-सव्वादोन तास, यायला तेवढेच. आणि स्टेशनापासून पुढे गाव असेल तर अंधार पडायच्या आत शेवटची एसटी किंवा रिक्षा गाठायची. म्हणजे पुस्तकासमोर प्रत्यक्ष बसायला मिळणार जेमतेम चार तास. या लेखाचा विषय ती मुलगी आहे, आणि ती ज्या कपाटापाशी जाऊन उभी राहते ते कपाट.

मार्च महिना लागला की विद्यापीठांच्या ग्रंथालयांत दर्शनी जागी एक टेबल मांडले जाते. त्यावर रंगीत कागद, मागे ‘जागतिक महिला दिन’ ही अक्षरे, सावित्रीबाई, आनंदीबाई, पंडिता रमाबाई यांच्या हार घातलेल्या तसबिरी आणि पुढे कपाटातून काढून आणलेली वीस-पंचवीस पुस्तके. आठवड्याभराने तसबिरी कपाटावर जातात, पुस्तके कपाटात. अशा प्रदर्शनांची थट्टा करणे सोपे आहे. मला ती करवत नाही. एखादी मुलगी परीक्षेचे पुस्तक बदलायला येते आणि जाता जाता त्या टेबलापाशी थबकते, एवढे घडले तरी पुष्कळ झाले. परंतु त्या टेबलावर एक गोष्ट कधीच सांगितलेली नसते. ही पुस्तके इथवर टिकली कशी? आपल्याकडे बायकांच्या कर्तृत्वाला तोटा कधीच नव्हता. तोटा होता तो ते जपून ठेवणाऱ्या जागेचा.

ताराबाई शिंदे यांचेच उदाहरण घ्या. बुलढाण्याची ही बाई. वडील सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक समाजाशी जोडलेले. मुलींना शाळा नव्हती म्हणून त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर ताशेरे झडू लागले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. पुरुषांच्या पदरी तेच दोष नाहीत काय, असा रोखठोक सवाल करणारे हे पुस्तक कुणाला पचणार? टीकेची झोड उठली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली, पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केल्याचे दिसत नाही.

आणि मग ते पुस्तक गेले कुठे? कुठेच गेले नाही. कुठल्या तरी फळीवर, धूळ खात, वाळवीला चुकवून एखाददुसरी प्रत पडून राहिली. १९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्राला कळले की, आपल्याकडे असे काही लिहिले गेले होते. मधे ९३ वर्षे गेली. या ९३ वर्षांत आपल्या आज्या-पणज्या जगल्या, सोसल्या आणि गेल्या. त्यांच्यातल्या कुणाच्या हाती ते पुस्तक पडले असते तर, हा विचार मनातून जात नाही. त्यानंतरच्या वीस वर्षांत ते विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आले, इंग्रजीत गेले, आणि आता महिला दिनाच्या टेबलावर मानाने बसते. एक प्रत टिकली नसती तर मानही नव्हता आणि वादही नव्हता.

पुस्तक टिकते म्हणजे काय, हे आमच्याच रेल्वेमार्गावर बसल्या बसल्या पाहता येते. आसनगाव सोडले की वाशिंद, खडवली आणि मग टिटवाळा. बहुतेकांना टिटवाळा म्हणजे गणपती एवढेच ठाऊक. याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद भरली होती आणि उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा उठाव त्यानंतर पेटला. त्या लढ्यात शामराव परुळेकरांबरोबर गोदावरी परुळेकर होत्या. पुण्यात वाढलेली, वकिलीचे शिक्षण घेतलेली ही बाई वारल्यांच्या झोपड्यांतून राहिली, हिंडली. त्या सगळ्याचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. उठावाला पंचवीस वर्षे होऊन गेल्यावर त्या लिहायला बसल्या म्हणून आज आपल्याला तो आतून कळतो. नसत्या बसल्या, तर पोलिसांच्या कागदांत जेवढा उरला असता तेवढाच.

टिटवाळ्यानंतर आंबिवली, शहाड आणि कल्याण. कल्याणच्या जोश्यांची यमुना म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात वारल्या. हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, त्या महाविद्यालयाचे जुने दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने जतन केले आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली या तिघी आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आहेत, ते १८८५ चे प्रसिद्ध छायाचित्र त्याच दप्तरातले. आता ते मोबाइलवर कुणालाही पाहता येते. कल्याण फलाटावर बदलाच्या गाडीची वाट पाहतानाही. आपल्या लेकीच्या खुणा इतक्या निगुतीने साता समुद्रांपलीकडच्या विद्यापीठाने ठेवाव्यात, याचा आनंद मानावा की थोडी लाज वाटून घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गाडी मुंबईला पोचते. चर्चगेटकडे चालत निघाले की ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर दिसतो. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाचा हा मनोरा. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख, आणि मनोऱ्याला आईचे नाव द्यावे एवढी इच्छा व्यक्त केली. राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हते, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे व्रत त्यांना घंटेच्या ठोक्यांवर पाळता यावे म्हणून हे घड्याळ, अशी कथा सांगतात. नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. गंमत अशी की, विद्यापीठाच्या नियमांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात असे विद्यापीठाने ठरवले ते १८८३ मध्ये! म्हणजे पाच वर्षे तो मनोरा एका बाईच्या नावाने उभा होता आणि खालच्या ग्रंथालयाचे विद्यापीठ मात्र कुठल्याच बाईला परीक्षेला बसू देत नव्हते. नाव देऊन मोकळे व्हायची आपली ही खोड जुनी आहे. ‘महिलांसाठी’ म्हणून जे जे काही उभारले जाते, त्याकडे पाहताना मला हा मनोरा आठवतो.

दार उघडल्यावर या विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली ती कॉर्नेलिया सोराबजी. आसनगावहून उलट्या दिशेने कसारा घाट चढून गेले की जे नाशिक लागते, तिथे १८६६ मध्ये तिचा जन्म झाला. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. कायद्याचा अभ्यास करायचा तर ऑल सोल्स महाविद्यालयाचे ग्रंथालय हवे, आणि तिथे वाचक म्हणून तोवर एकाही स्त्रीला प्रवेश मिळालेला नव्हता. महाविद्यालयाचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी १८९० मध्ये तो तिला दिला. १८९२ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाली; पदवी मात्र ऑक्सफर्डने हातात ठेवली ती ३० वर्षांनी, १९२२ मध्ये. पदवीच्या आधी तीस वर्षे ग्रंथालयाचे दार उघडले, हा क्रम मला फार बोलका वाटतो. शहाण्या ग्रंथपालाला किंवा एखाद्या भल्या प्रमुखाला जे एका चिठ्ठीवर करता येते, त्याला सिनेटला एक पिढी लागते.

राजाबाई टॉवरपासून काही मिनिटांवर दुसऱ्या एका आईच्या नावाचे विद्यापीठ आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका पडली आणि तीवरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईला आले. इरावती कर्वे काही काळ या विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९७४ मध्ये याच विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने देशातले पहिले स्त्री-अभ्यास केंद्र निघाले. त्यामुळे ग्रंथालयाच्या कपाटांचाच अर्थ बदलला. तोवर बायकांची पुस्तके इतिहासात, वाङ्मयात, समाजशास्त्रात विखुरलेली होती. आता ती एकमेकींशी बोलू लागली. मीरा कोसंबी यांनी पुढे याच केंद्राची धुरा वाहिली आणि पंडिता रमाबाई, आनंदीबाई, काशीबाई कानिटकर यांचे लेखन जगापुढे नव्याने ठेवले. असली कामे जुनी कागदपत्रे हाती असल्याखेरीज होत नाहीत.

ग्रंथालयातल्या कामाची एक बाजू वाचकाला सहसा दिसत नाही. आपल्याकडे बाईचे आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. मग तिची पुस्तके शोधायची कुठल्या नावाखाली? १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले, लेखिका विभावरी शिरूरकर. महाराष्ट्रात खळबळ उडाली. या विभावरी कोण, म्हणून शोध सुरू झाला. त्या होत्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे, ज्या पुढे मालती बेडेकर झाल्या. एकच बाई, तीन नावे. जुन्या ग्रंथालयांत लाकडी खणांतून तालिकापत्रे असत, त्यांत अशा वेळी ‘पाहा’ असे लिहिलेले एक पत्र घालीत: या नावासाठी त्या नावाकडे पाहा. कुणा अनाम साहाय्यकाने शाईने लिहिलेले ते दोन अक्षरी ‘पाहा’ म्हणजे केवढी मोठी सेवा! ते नसते तर ‘विभावरी’ एकीकडे आणि ‘मालती’ दुसरीकडे, अशी एकाच बाईची ताटातूट झाली असती. आता सूची संगणकावर आली, पण ही नजर संगणकाला कुणी तरी द्यावीच लागते.

एवढे सगळे खरे असले, तरी या कपाटांत न आलेल्या बायका आलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. बाबासाहेबांच्या चळवळीत बायकांनी काय केले, हे शोधायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून निघाल्या तेव्हा त्यांना तयार पुस्तक मिळण्यासारखे नव्हते. त्या गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना भेटल्या, त्यांना बोलते केले, आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. मॅक्सीन बर्नसन यांच्या नजरेस ते लेखन पडले आणि ‘जिणं आमुचं’ बाहेर आले. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या बायकांपैकी किती जणींना सही करता येत होती कोण जाणे. पण वाङ्मय त्यांचे होते. या लोकसाहित्यात आयुष्य घातलेल्या तारा भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि त्या. जवळजवळ दीडशे वर्षांच्या वाटचालीत अध्यक्षपदी आलेल्या बायका मोजायला दोन्ही हातांची बोटेही लागत नाहीत.

आता पुन्हा आमच्या भागाकडे येऊ. शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते; तानसा तर १८९२ पासून. उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो आणि हंडे घेऊन बायका रांगेत उभ्या राहतात, हे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. पाणी इकडून तिकडे जाते, तशी पुस्तके तिकडून इकडे का येऊ नयेत? मागणी अवाजवी नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा, असा आहे. आसनगावच्या मुलीचा वेळ रोजचे साडेचार तास रेल्वे खाते. मुंबईच्या वाचकाला आणि तिला एकच सभासदपत्र दिले, म्हणजे दोघींना समान वागवले असे म्हणता येत नाही.

शहापूर-मुरबाडची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकपेट्या २००९ पासून निघू लागल्या आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. पेटी दुबईला जाते, तर ती डोळखांबला, किन्हवलीला, सरळगावला, टोकावड्याला का जाऊ नये? महिला दिनाच्या टेबलावरची तीच पंचवीस पुस्तके आठवडा संपल्यावर कपाटात परत न ठेवता पेटीत घालावीत आणि वर्षभर तालुक्याच्या महाविद्यालयांतून फिरवावीत. दुर्मीळ पुस्तक असेल तर त्याची छायाप्रत पाठवावी. एखादे पुस्तक हरवेल, हरवू दे. वाचकाच्या हाती हरवलेले पुस्तक कपाटात न उघडता पडलेल्या पुस्तकापेक्षा भाग्यवान म्हणायचे. ग्रंथपालांना हे वाक्य आवडणार नाही, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांना द्यावा लागतो. तेव्हा आधी तो नियम बदलायला हवा.

पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवते. मातंग समाजातल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बक्षीस समारंभात साहेबांनी खाऊ-खेळणी देऊ केली, तेव्हा ते नको, शाळेला ग्रंथालय द्या, असे फुल्यांच्या शाळेतल्या एका मुलीने म्हटल्याची आठवण सांगतात, आणि ती मुलगी मुक्ताच, असे मानले जाते. ती मागणी विद्यापीठ निघायच्या आधीची आहे.

आणि पेटी परत जाताना रिकामी का जावी? मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचले असेल. गावात पोथी वाचली जाते, आपल्यालाही ती वाचता यावी, अशी तिथल्या आज्यांची इच्छा होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी त्यांच्यासाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. गुलाबी साड्या नेसलेल्या, पाटी-पेन्सिल घेतलेल्या साठीच्या पुढच्या आज्यांची छायाचित्रे जगभर गेली. अंगठ्याच्या जागी सही आली, याचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

परंतु अक्षर येण्याआधीही त्या आज्यांना पुष्कळ काही येत होते. कोणत्या दुखण्याला कुठला पाला, बाळंतिणीला काय द्यायचे, नाचणी-वरीचे कुठले वाण कुठल्या उतारावर धरते, लग्नात हळदीला कुठले गाणे आणि दळताना कुठले. यांतले कुठल्या विद्यापीठाच्या सूचीत आहे? आमच्या महाविद्यालयांतून मराठीच्या, समाजशास्त्राच्या, वनस्पतिशास्त्राच्या मुली दरवर्षी प्रकल्प करतात. बरेचसे प्रकल्प कुठल्या तरी तयार मजकुरावरून उतरवलेले असतात, हे परीक्षकांनाही कळते. त्यांतल्या प्रत्येकीने एका आजीपाशी बसून तिचे बोलणे उतरवून आणले, सांगणारीचे नाव वर ठळक लिहिले, आणि तो कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयाने क्रमांक घालून ठेवला, तर फार खर्च येणार नाही. लेखिका म्हणून सूचीत नाव घालायचे ते त्या आजीचे. आडनाव माहेरचे की सासरचे, हा प्रश्न येईलच. तिथे दोन्ही घालावीत आणि मधे एक ‘पाहा’ टाकावे.

मात्र हे काम पुढच्या मार्चवर टाकण्यासारखे नाही. फांगण्याची शाळा सुरू झाली तेव्हाच त्यांतल्या काही आज्या ऐंशीच्या पुढे होत्या.